दोन गाण्यांमधली फट

खालच्या मजल्यावरच्या भाभी कॅमेऱ्याच्या कॅसेटी घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांचे मिस्टर वारून वर्षसुद्धा झालं नव्हतं. आम्ही सगळे त्यांना भाईजान म्हणायचो. आखातात नोकरी, सुट्टीवर पनवेलला आले की हातात कायम कॅमेरा. कॅसेटी कपाटात पडून होत्या आणि आमच्याकडच्या दमट हवेनं त्यांना बुरशी धरली होती. एकच जरा बरी होती, आपटा गावाला नदीवर सगळे जेवायला गेले होते ती.

“हिची डीव्हीडी करून दे गं,” भाभी म्हणाल्या. “पण संभाळून हां. काही जायला नको त्यातलं.”

“भाभी, तुम्ही बघाच,” मी म्हटलं. मला वाटलं, चित्राबद्दल बोलतायत. दुसरं काय असणार?

तेव्हा मी घरच्या घरी ही कामं करायचे, आणि चित्राच्या बाबतीत माझा तोरा काही विचारू नका. बाजारातले स्टुडिओवाले चार-चार तासांचं शूटिंग एका डीव्हीडीत कोंबायचे, मग माणसांच्या तोंडांचे नुसते चौकोन व्हायचे. मी तासाला एक डीव्हीडी घ्यायचे. पिवळ्या पिनेची साधी वायर मला चालायची नाही, तिनं चित्र फिकट येतं. कॅमेऱ्यातलं टेप वाचणारं हेड आधी पुसून घ्यायचे. बुरशीची कॅसेट एकदाच धड चालणार, हेही मला ठाऊक होतं. तशी ती चालली; खात्रीसाठी पुन्हा लावली तर आत गुंडाळून तुटलीच. पण माझं काम झालं होतं. नदीवरचं ऊन, भाभींच्या ओढणीची जर, सगळं लख्ख!

मग मी मिक्सिंग केलं. आमच्याकडे गाण्यांशिवाय शूटिंग कोणी बघतच नसे. साखरपुडा असो नाहीतर बारसं, मूळ आवाज बंद करायचा आणि वर गाणी टाकायची, नाहीतर लोक विचारणार, “मिक्सिंग नाय केलं?” शिवाय ह्या कॅसेटवर वाऱ्याची घरघर होती आणि कॅमेऱ्यामागून कोणीतरी सारखं काहीबाही बोलत होतं. कटकट नुसती! एकेका तुकड्याचा आवाज मी बंद करत गेले. डीव्हीडी निघाल्यावर कॉम्प्युटरमधली मूळ फाईलही पुसली. एवढी मोठी फाईल ठेवायला जागा कुठे होती?

कोणीतरी म्हणे. आग लागो माझ्या कानांना.

शुक्रवारी दुपारी भाभींच्या घरी डीव्हीडी लावली. त्यांच्या दोन्ही नणंदा आल्या होत्या. मी पुढेच बसले होते, शाबासकीच्या तयारीत. पडद्यावर नदी आली, गाणं सुरू झालं.

“आवाज वाढव जरा,” भाभी म्हणाल्या. मी गाणं मोठं केलं.

“गाण्याचा नाही गं. ह्यांचा.”

मला कळेना. “ते कुठे आहेत ह्यात, भाभी?”

“दिसतील कसे? कॅमेरा त्यांच्याच हातात होता ना. पण बोलत होते की सारखे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका नणंदेनं विचारलं, “असली कॅसेट आहे ना?” तुटली, असं मी सांगितलं. फाईलचंही सांगितलं. भाभींनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “चित्र मात्र छान आलंय हां,” आणि उठून माझ्यासाठी सरबत घेऊन आल्या.

तेवढ्यात पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायला जरा फट राहिली होती, आणि तिथल्या एका तुकड्याचा आवाज बंद करायचा माझ्याकडून राहून गेला होता. वाऱ्याच्या घरघरीतून भाईजान बोलले, “ओढणी सावर. हां, आता बघ माझ्याकडे.” पडद्यावरच्या भाभींनी वर बघितलं, आणि लगेच दुसरं गाणं आदळलं.

भाभींनी रिमोट मागितला.

ती चूक आदल्या दिवशी माझ्या लक्षात आली असती, तर मी तीही साफ केली असती. माझी लाज आहे ती ही.

पुढे बरीच वर्षं खालून दुपारचं ऐकू यायचं: गाण्याचा शेवट, ओढणी सावर, दुसऱ्या गाण्याचा पहिला ठोका, की लगेच मागे. पुन्हा गाण्याचा शेवट. तेवढा वेळ मी घरात मिक्सर लावत नसे.