खांब बघणारे मामा

आमचे मामा कधी समोर बघून चालले नाहीत. जाफराबादहून टेंभुर्णीला येणाऱ्या जीपमध्ये दहा जणांच्या जागेत सोळा जण कोंबलेले असत, कुणाचं बोचकं कुणाच्या मांडीवर, आणि मामा खिडकीतून मान वाकडी करून वर बघत बसलेले. "मामा, काय बघून राह्यले?" असं विचारलं की म्हणत, "खांब. तार दिसत न्हाई, खांब दिसतो. दोन खांब दिसले की मधी तार हाय असंच समजायचं." जीपमधून जाणाऱ्या माणसाला तारेशी काय देणंघेणं, म्हणून आम्ही हसायचो. मामा हसत नसत.

फौजेत त्यांनी हयात घालवली ती हेलिकॉप्टरच्या देखभालीत. हवलदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले आणि गावाने लगेच त्यांचं बारसं केलं, 'पंखा हवलदार'. उड्डाणाआधी हेलिकॉप्टरभोवती फिरून सगळं तपासायचं, मग समोर उभं राहून वैमानिकाला अंगठा दाखवायचा, हे त्यांचं काम. ती सवय गावातही सुटली नाही. पलीकडच्या गल्लीतून रोज सकाळी येऊन ते माझ्या स्कूटीलासुद्धा एक फेरी मारत, चाक दाबून बघत, ब्रेक ओढत. अंगठा वर झाल्याशिवाय मला शाळेत शिकवायला निघायची परवानगी नसे. उशीर होतोय म्हणून मी चिडचिड केली की म्हणत, "अंगठा दाखवला म्हंजे जबाबदारी आपली. जल्दी कराची असंल तर पायी जाय."

माझा धाकटा भाऊ सुमेध वैमानिक झाला तो मामांच्याच गोष्टी ऐकून. तो कॅप्टन होऊन घरी आला तेव्हा मामांनी दारातच टाच आपटून त्याला सलाम ठोकला आणि त्या दिवसापासून भाच्याला 'साहेब' म्हणायला लागले. थट्टाही होती आणि अभिमानही. आमच्या वस्तीतून पहिलाच मुलगा हेलिकॉप्टर उडवत होता. आईचे तर पाय जमिनीवर नव्हते.

मग एकदा सुमेधचा फोन आला की उद्या सरावाच्या उड्डाणात आपल्या गावावरून जाणार आहे. आईने आपली पिवळी साडी गच्चीवर पसरली, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले, म्हणजे लेकराला घर ओळखू यावं. गल्लीच्या गल्ली गच्च्यांवर चढली. सुमेध आला तो पत्रे थडथडवत, धूळ उडवत, बाभळींच्या शेंड्यांना घासून जावं इतक्या खालून. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मामा तेवढे खाली अंगणात बसून होते. काही दिवसांनी दुसऱ्यांदा आला तो आणखी खालून. त्या संध्याकाळी मामांनी फोनवर त्याला धरलं.

"साहेब, हे बराबर न्हाई. वरून हुकूम आसतो का इतकं खाली यायचा?"

"मामा, आपलंच शिवार आहे. डोळे मिटून उडवीन मी इथं."

"म्हनूनच भीती वाटून राह्यली. परक्या रानात माणूस बघून चालतो."

आईने त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "ते जाऊ दे रे. मला तुझं तोंडच दिसलं न्हाई. पुढच्या टायमाला जरा खाली ये." मी हसले.

जालन्याच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या नव्या वीजवाहिनीचे मनोरे आमच्या नाल्याकाठी कित्येक महिने नुसतेच उभे होते. तार नव्हती. सुमेध त्यांच्यामधूनच गेला होता. तिसऱ्यांदा तो येणार होता गुरुवारी, अकराच्या सुमारास, आणि बुधवारी दिवसभरात मजुरांनी त्या मनोऱ्यांवर तारा ओढल्या. मामांनी संध्याकाळपासून फोन लावला. बंद. गुरुवारी सकाळीही बंद. युनिटचा नंबर त्यांच्याकडे नव्हता.

मी त्या दिवशी रजा टाकून घरीच होते. साडेदहाला मामा गच्चीवर आले, दगड बाजूला सारले आणि साडी गोळा करून काखेत मारली. आई किंचाळली, "अरे, काय करून राह्यला तू? लेकराला घर कसं दिसंल?" मामा जिना उतरले आणि गुडघ्याचं दुखणं विसरून नाल्याकडे पळत सुटले. मी मागे धावले. "साहेबाची नजर साडी शोधणार," ते धापा टाकत म्हणाले. "जिथं साडी तिथं नजर."

तारांच्या अलीकडे सोयाबीन काढलेलं मोकळं रान होतं. मामांनी तिथे साडी पसरली आणि स्वतः तिच्यावर मधोमध उभे राहिले. आवाज आधी आला, हेलिकॉप्टर नंतर, बाभळींच्या आडून, सरळ आमच्या अंगावर. मामांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली मारायला सुरुवात केली. हात उघडायचे, फुली, उघडायचे, फुली. 'येऊ नको.' वाऱ्याने मी खाली बसले. मामा हलले नाहीत. मला वाटलं, आता संपलं. मग हेलिकॉप्टरचं नाक एकदम वर उचललं गेलं, आवाज फाटल्यासारखा झाला आणि ते तारांवरून पलीकडे गेलं. सगळ्यात वरच्या बारीक तारेत आणि त्याच्या पायांत पुरुषभर अंतर होतं. मी बघितलं आहे.

गच्चीवरून मात्र एवढंच दिसलं की मामांनी हातवारे केले आणि सुमेध वर वळून निघून गेला. आईचा आवाज रानापर्यंत आला, "हाकलून लावलं रे माझ्या लेकराला!"

मामा ढेकळांतच बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी बहुधा कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या एका साहेबालाही खालून उडवायचा नाद होता. एके दिवशी उड्डाणाहून परतलेल्या हेलिकॉप्टरच्या पायात मामांना बाभळीची काटकी अडकलेली सापडली. "म्या ती काढून फेकली. फडकं मारून साफ केलं. साहेब चांगले होते, कशाला तक्रार कराची. दुसऱ्या दिवशी मीच अंगठा दाखवला." नदीवर आडवी तार होती. त्या हेलिकॉप्टरमधून दोघे गेले होते, दोघेही परत आले नाहीत.

संध्याकाळी सुमेधचा फोन आला. आईशी तो हसून बोलला, "भरपूर जागा होती आई, मामा उगाच घाबरले." मग मामांना फोन द्यायला सांगितला. मी शेजारीच होते. आवाज खाली आणून तो म्हणाला, "मामा, तार मला दिसलीच नाही."

"दिसत न्हाईच ती. साहेब, मी तुमच्या वरच्या साहेबाला पत्र लिहून राह्यलो. चोरून न्हाई, तुम्हाला सांगून."

"मामा, माझं उडणं जाईल. आज वाचलो ना?"

"काटकी सापडली तवा ते बी वाचलेच व्हते. उडणं गेलं तर जाऊ द्या, तुम्ही राहाल. आन् तुमच्या बाजूला बसणारं दुसऱ्याचं लेकरू बी राहील."

पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, पत्ता घालून माझ्याकडे जाफराबादच्या पोस्टात टाकायला दिलं. दोन दिवस ते माझ्या पर्समध्ये होतं. फाडून टाकावं असं शंभरदा वाटलं. सख्ख्या भावाचं स्वप्न होतं त्या पाकिटात. तिसऱ्या दिवशी सकाळी मामांनी स्कूटीभोवती फेरी मारली, अंगठा वर केला आणि पत्राबद्दल काहीच विचारलं नाही. त्या दिवशी मी ते टाकलं.

चौकशी झाली, सुमेधचं उडणं वर्षभर थांबलं. पत्र आपलं हे मामांनीच सांगितलं आणि आईने भावाशी बोलणं टाकलं. गल्लीही तिच्याच बाजूने, म्हातारा भाच्यावर जळतो म्हणायला कमी केलं नाही. तरी मामा दर रविवारी येऊन ओट्यावर बसत. आई मला सांगे, "तुझ्या मामाला चहा दे." मामा मला सांगत, "तुझ्या आईला म्हणावं साखर बराबर हाय." दोघांमध्ये चार हातांचं अंतर आणि मध्ये मी, निरोप्या. मला ते सहन होईना. एकदा म्हटलं, मी आईला सगळं सांगून टाकते. मामांनी तळहात उचलून मला थांबवलं.

"बिलकुल न्हाई. जरा खाली ये, असं तीच म्हणली व्हती ना त्याला? तार किती जवळ व्हती हे कळलं तर तिला जन्मात झोप लागायची न्हाई. तिचा राग मला परवडतो."

त्या काळात त्यांनी वीज कंपनीच्या कचेरीत इतके खेटे घातले की तिथल्या लोकांनी कंटाळून का होईना, नाल्यावरच्या तारांना नारिंगी गोळे बसवले. लांबून दिसणारे. मामा रोज ते बघून येत.

मागच्या उन्हाळ्यात मामा झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाला सुमेध आला. त्याचं उडणं पुन्हा सुरू झालं होतं. बुद्धवंदना झाली, चारदोन जण बोलले आणि मग तो उभा राहिला. म्हणाला, "त्या दिवशी जागा नव्हती. मी खोटं बोललो होतो. तार मला दिसली नाही, साडी दिसली, तिच्यावर मामा दिसले. म्हणून मी इथे उभा आहे." आई काय म्हणाली होती ते त्याने सांगितलं नाही. पण आई काही भोळी नाही.

लोक गेल्यावर स्वयंपाकघरात ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मीच म्हणले व्हते ना त्याला, जरा खाली ये?" मामा असते तर खोटं बोलून मोकळे झाले असते. मला ते जमलं नाही. मी गप्प राहिले आणि तेवढ्यावरून तिला कळलं. "दादाला ठाऊक व्हतं हे?" तिने विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. ती तिथेच फरशीवर बसली. "तरी दर रविवारी येत व्हता," म्हणाली आणि रडली. भाऊ गेल्याच्या दिवशी ती इतकी रडली नव्हती.

आता सुमेध आमच्या बाजूला येणार असला की आदल्या दिवशी फोन करतो. आई गच्चीवर जाते, साडी नेत नाही. फोन ठेवताना न चुकता सांगते, "वरून जाय रे बाबा. तोंड न्हाई दिसलं तरी चालतं."