आबांचा रिव्हर्स गिअर

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि ते आबांमुळे झालं. आबा म्हणजे माझे वडील. लष्करात ते ट्रक चालवायचे. पेन्शनवर आल्यावर त्यांनी एक जुनी छोटी मोटार घेतली. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावातून कॉलेजला, परीक्षांना, नोकरीच्या मुलाखतींना त्यांनी मला त्याच गाडीतून नेलं. सांगलीला शिक्षिका म्हणून लागले तेव्हा माझी गादी आणि भांडीही तिच्यातूनच आली.

आबांचा एक नियम होता. गाडी लावायची ती तोंड रस्त्याकडे करून. "हुकूम आला की थेट निघायचं. वळवत बसायचं न्हाई," असं ते म्हणायचे. गावात त्यांना हुकूम देणारं आईशिवाय कुणी नव्हतं, तरी गाडी रोज रिव्हर्समध्येच गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली जायची. नुसतं आरशात बघून, एका दमात.

गेल्या वर्षी गणपतीला मी घरी गेले होते. गाडी आत घेताना आबांनी रिव्हर्स टाकला आणि दगडावर कोयता घासावा तशी ती करकरली. त्यांनी गिअर काढला, पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"आबा, काय झालं हिला?"

"म्हातारी झाली. म्हाताऱ्यांची हाडं वाजत्यात."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गाडी घेऊन गॅरेजला गेले. मेकॅनिकने चार-पाच वेळा रिव्हर्स टाकून पाहिला. आवाज नाही. मीही टाकला. नाहीच.

"ताई, गिअरबॉक्स ठणठणीत हाय. क्लचबी चांगला हाय. आबाच क्लच पुरता दाबत नसत्याल."

"अहो, ते मिलिटरीत ट्रक चालवायचे."

"तवा दाबत असत्याल की. आता पेन्शन निम्मी, तर क्लचबी निम्माच!"

मला हसू आलं. संध्याकाळी जेवताना मी ते जसंच्या तसं आबांना ऐकवलं. आईला ठसका लागेपर्यंत हसू आलं. "आवं, मिल्ट्रीनं उगाच पोसलं की तुमाला," ती म्हणाली. आबा भाकरी मोडत राहिले. "त्याला काय कळतंय," एवढंच बोलले आणि आमटी न मागता उठले.

त्यानंतर आवाज बंद झाला. पुढे कधी शनिवारी घरी गेले की मी पाहायची. आबा दारात थांबून इंजिन बंद करायचे, बंद गाडीतच रिव्हर्स टाकायचे आणि मग चावी फिरवायचे. गाडी एक आचका देऊन मागे सरकायची. लष्करातली काही पद्धत असेल असं मी समजले. आवाज येत नव्हता, मला तेवढं पुरे होतं.

उन्हाळ्यात त्यांच्या पाठीत कळा यायला लागल्या आणि डावी चप्पल चालताना पायातून निसटायला लागली. मागे राहिलेली चप्पल त्यांना कळायचीही नाही. तेव्हा मी त्यांना सांगलीला घेऊन आले. पाठीच्या कण्यात गाठ निघाली. ती हळूहळू वाढत मज्जारज्जू दाबत होती.

"पायातली ताकद कमी झाल्याचं पहिल्यांदा कधी जाणवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गणपतीत. क्लच तळापतूर जाईना."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. तेव्हाच आला असतात तर पाय बराचसा वाचला असता, असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. ऑपरेशन झालं. पाठीची कळ थांबली. डाव्या पायातली ताकद काही परत आली नाही.

नंतर मी ते समजून घेतलं. पुढच्या गिअरांमध्ये दाते एकमेकांशी जुळवून घ्यायची सोय असते. आमच्या गाडीच्या रिव्हर्सला ती नव्हती. क्लच थोडा जरी कमी दाबला गेला, तरी पुढचे गिअर सांभाळून घेत होते, तो घेत नव्हता. म्हणूनच आबा इंजिन बंद करून, दाते फिरायचे थांबल्यावर तो टाकायचे. आबांचा पाय कमी पडतोय हे घरात सगळ्यांत आधी त्यालाच कळलं होतं, आणि मी ते विनोद म्हणून जेवणात वाढलं होतं.

घरी आणल्यावर एकदा, त्यांच्या पायाला तेल लावताना, मी विचारलंच.

"आबा, मला का नाही सांगितलं?"

त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. तेलाचा हात त्यांना तिथे नीट जाणवत नव्हता.

"सांगितलं असतं तर तू चावी काढून घेतली असतीस."

मी वाटीतलं तेल पुन्हा हातावर घेतलं. मी खरंच आधी चावीच काढून घेतली असती. दवाखान्याचं मला नंतर तरी सुचलं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही.