भिवाचा दम

गोपीनाथ स्वतःच्या रुमालाला घाबरत असे. बँडमधली बाकीची माणसे वाजवून झाले की ओठ पुसत आणि रुमाल खिशात कोंबत. गोपीनाथ मात्र ओठ पुसल्यावर रुमाल उलगडून उजेडात धरी, आणि पांढऱ्यावर तांबडे काही उमटलेले नाही अशी खात्री पटल्यावरच त्याची घडी करी. डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या गावी परतल्यावर तोच रुमाल आई आवडाबाई मागून घेई आणि दारात उभी राहून पुन्हा एकदा तपाशी.

या तपासणीचे मूळ बावीस वर्षे मागे होते. गोपीनाथचा बाप भिवा आठ महिने मिठागरात राबे आणि चैत्रात गावदेवीच्या पालखीपुढे शिंग फुंके. त्याच्या दमाची ख्याती पंचक्रोशीत होती. पालखी देवळाच्या पायऱ्यांवरून उतरून पिंपळाखालच्या पारापर्यंत पोचेतो त्याचे शिंग एका श्वासात चाले, असे लोक सांगत. त्या वर्षी महिनाभर आधीपासून त्याच्या नाकातून अधूनमधून रक्त येई. उन्हाचे येते, म्हणून तो ते धोतराच्या सोग्याला पुसून टाकी. पालखीच्या दिवशी शिंग तोंडाला असतानाच तो पाराच्या अलीकडे कोसळला. भोयांचा पाय अडला आणि देवीची पालखी, जी वाटेत कधीच टेकवायची नसते, ती भर रस्त्यात जमिनीला टेकली. भिवा गेला याची हळहळ गावाने महिनाभर केली. पालखी टेकली, हे मात्र गाव अजून विसरले नव्हते. तेव्हा गोपीनाथ बारा वर्षांचा होता. बापाच्या ओठांवर शिंगाची गोल खूण उमटलेली त्याने पाहिली होती.

असे असूनही तो वाजंत्री झाला. मिठागर त्याला मानवले नाही, आणि कल्याणच्या महिपतरावांच्या बँडमध्ये दुसऱ्या ट्रम्पेटची जागा रिकामी होती. दुसरा ट्रम्पेट म्हणजे पहिल्याच्या सावलीत चालणे. सूर मध्यम, श्वास बेताचा. तेरा वर्षे त्याने ही सावली सोडली नाही. नाकातून रक्त आले नाही, कपाळावर शीर तटतटली नाही, आणि या निर्धास्तपणालाच तो मनात आपली कला समजत होता.

त्रेपन्न सालच्या माघात महिपतरावांनी एक लहानशी पेटी उघडली. युद्धानंतर कल्याणजवळची लष्करी छावणी उठली, तेव्हा लिलावात निघालेल्या सामानातून फिरत फिरत ती त्यांच्यापर्यंत आली होती. आत वीतभर लांबीचा, पण सर्व अवयव शाबूत असलेला ट्रम्पेट होता.

"पिकोलो ट्रम्पेट म्हणतात याला," महिपतराव म्हणाले. "आपल्या ट्रम्पेटच्या वर एक अख्खं सप्तक. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुणाकडे नाही."

क्लॅरिनेट वाजवणारा नाथा पुढे वाकला. "पिकोलो कसला मास्तर, पिल्लू आहे हे! मोठा झाला की वाजवू."

"तू दात काढ नुसते. गोपीनाथ, हा तुझा."

गोपीनाथचे हात मागे गेले. "माझा? मास्तर, मी दुसऱ्यावर बरा आहे."

"बरा आहेस म्हणूनच तेरा वर्षं तिथं सडलास. अरे, भिवाचा मुलगा ना तू? बापाचा दम अंगात आहे तुझ्या. छातीभर वारा घ्यायचा आणि सोडायचा."

बापाचा दम अंगात आहे, हेच तर त्याचे भय होते. पण ते बोलून दाखवणे म्हणजे बापाचा मृत्यू बँडच्या खोलीत मांडणे. त्याने पेटी उचलली.

बँडमध्ये त्या वाद्याला 'धाकटा' हे नाव पडले. गोपीनाथ मिठागरालगतच्या खाजणाच्या बांधावर जाऊन त्याचा सराव करू लागला. तो छाती भरून घेई, ओठ आवळी आणि फुंके. नळी इतकी अरुंद की आतला वारा बाहेर जाण्याऐवजी उलट गळ्यात चढे. कानांत दडे बसत, कपाळाभोवती दोरी आवळल्यासारखे होई, आणि मिठाच्या पांढऱ्या राशींवर काळे ठिपके नाचू लागत. कधी नुसतीच फुसफूस, कधी कोंबडीचा गळा धरल्यासारखी किंकाळी. मग बांधावर बसून तो रुमाल पाही. इवल्या कळांवर बोटे आठवडाभरात बसली, ओठांचा बधिरपणा महिनाभरात कमी झाला. ठिपके मात्र गेले नाहीत.

"आज काय नाय," आई रुमाल परत देताना म्हणे. "पन डोळे तांबडे हायत तुझे. त्याचे पन असेच झालते."

"सोडून द्या ना मग," बायको मालन आतून म्हणे. "झांजा घ्या. झांजांना कुठं दम लागतो?"

तो हसण्यावारी नेई. झांजा मागून घ्यायला त्याने खरोखर एकदा कल्याण गाठले होते. पण महिपतरावांनी त्याला पाहताच आनंदाने सांगितले, की वैशाखात नौपाड्यात एका वकिलांच्या मुलीचे लग्न ठरले असून मुहूर्ताचा पहिला सूर धाकट्याचा, असा शब्द आपण देऊन बसलो आहोत.

मुहूर्ताचा सूर म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होते. मंगलाष्टके चालू असतात, वधूवरांमध्ये अंतरपाट असतो, आणि भटजी घटिका भरण्याची वाट पाहतात. तोवर वाद्याचा ब्रही निघता कामा नये. मुहूर्ताआधीचा सूर अशुभ. 'वाजवा' म्हणताच मात्र क्षणाचाही उशीर नको. शिळ्या ओठांनी, कोणत्याही तयारीवाचून, एकदम वरचा सूर. गोपीनाथला मरणाचे भय होते, पण त्याहून मोठे भय वेगळेच होते. बाप कोसळला तेव्हा पालखी टेकली. आपण कोसळलो तर अंतरपाट दूर होताच त्या मुलीला पहिले दर्शन कशाचे होईल?

लग्नाच्या दिवशी गोरज मुहूर्त होता. ठाणे स्टेशनपासून बँड दोन रांगांनी नौपाड्यात आला आणि मांडवाच्या दाराशी उभा राहिला. गोपीनाथच्या गणवेशाच्या खिशात दोन रुमाल होते.

पहिले 'सावधान' झाले, तशी त्याने छाती भरून घेतली आणि धाकटा ओठांना लावला. किती मंगलाष्टके होणार हे कुणालाच ठाऊक नव्हते. भटजींची संपली, तर मुलीच्या मामांनी स्वतः रचलेले चार चरण खिशातून काढले. त्यांच्यामागून आत्याबाई उभ्या राहिल्या.

"आता आजोबा राहिले," नाथा ओठ न हलवता पुटपुटला. "अरे, श्वास घे की! निळा पडलायस."

गोपीनाथने मान हलवली नाही. श्वास सोडला आणि नेमके तेव्हाच 'वाजवा' झाले तर? कानांत दडे बसले. आत्याबाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला. मांडवाच्या पांढऱ्या छतावर काळे ठिपके उतरले, एक, चार, मग थवाच. वरच्या ओठावर काहीतरी ओलसर ओघळले. घाम असेल, घामच असेल, असे तो स्वतःला सांगत होता. पुसायला हात मोकळा नव्हता. कोसळायचेच असेल तर निदान बाहेरच्या बाजूला कोसळावे, एवढा एकच विचार उरला आणि त्या विचारासरशी त्याच्या नाकातून सगळा श्वास निसटून गेला.

त्याच क्षणी भटजींचा हात वर गेला.

"वाजवा!"

नवा श्वास घ्यायला वेळ नव्हता. छातीच्या तळाशी उरले होते तेवढे, गरम दुधाच्या वाटीवर फुंकर घालावी तेवढेच, त्याने नळीत सोडले.

सूर निघाला. किंकाळी नाही, फुसफूस नाही. बारीक, सरळ, चकचकीत सूर मांडवाच्या वर चढला आणि तिथे थांबून राहिला. गळ्यात काही चढले नाही. अक्षता पडल्या, ढोल गरजला, नाथाचा क्लॅरिनेट धावत त्याला येऊन मिळाला. गोपीनाथ वाजवत राहिला, आणि दर वेळी छाती भरण्याआधीच थांबत राहिला. या नळीला मूठभर वारा पुरत होता. तीन महिने तो तिच्यात बापाचे शिंग फुंकत होता.

पुढे अकरा वर्षे तो धाकटा वाजवत होता. दर मुहूर्ताआधी तो खिसा चाचपून पाही, आणि दोन रुमाल त्याने शेवटपर्यंत सोडले नाहीत.

पण त्या रात्री तो घरी पोचला तेव्हा आवडाबाई दारातच होती. तिने रुमाल दिव्याजवळ नेला. दोन्ही बाजूंनी पाहिला.

"घाम हाय नुसता."

"आई, छाती भरायचीच नसते त्यात," तो उंबऱ्यावर बसत म्हणाला. "मी उगाच भरत होतो. थोडक्या वाऱ्यात वाजतं ते."

आवडाबाईने रुमालाची घडी घातली.

"मग तुझ्या बापाला नाय सांगितलं रे कुणी, थोडक्यात वाजतं म्हणून?"

शिंग थोडक्या वाऱ्यात वाजत नाही, हे गोपीनाथला ठाऊक होते. त्याने आईच्या हातातून रुमाल घेतला.

"नसेल सांगितलं कुणी," तो म्हणाला.