दोन अर्ज, एक नाव

मागच्या वर्षी एका शुक्रवारी आम्ही कुवेतच्या दक्षिणेला खैरानला होतो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या तीन-चार कुटुंबांनी मिळून समुद्रालगत शॅले म्हणतात तसलं एक सुट्टीचं घर भाड्याने घेतलं होतं आणि पुरुष मंडळी झुबैदीला, म्हणजे आपल्या पापलेटला, मसाला चोळत उभी होती. तेवढ्यात माझ्या फोनवर मेल आला. तुमचा अर्ज मान्य झाला आहे, नाव आता तुमचं आहे. ज्या नावासाठी मी तीन-चार वर्षं अडून बसले होते ते मिळालं होतं आणि मला जराही आनंद झाला नाही.

नाव म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. ऑस्ट्रेलियातले पत्ते पूर्वी डॉट कॉम डॉट एयू किंवा डॉट नेट डॉट एयू असे लांबलचक असायचे. मग तिथे ठरलं की नुसतं डॉट एयू एवढंच शेपूट असलेली आखूड नावंही द्यायची. ज्याच्याकडे जुनं लांब नाव असेल त्याचा आखूड नावावर पहिला हक्क, पण सहा महिन्यांत अर्ज करायचा. नाही केला तर नाव सगळ्यांना खुलं.

कुवेतमध्ये बसून या बाईला हा उद्योग कशाला, असं कुणालाही वाटेल. मी कुवेत सिटीत एका कंपनीच्या वेबसाइटचं काम बघते. पण त्याआधी सात वर्षं मेलबर्नला होते. तिथलं नागरिकत्व घेऊन आले, आणि तिथली दोन-तीन लहान गिऱ्हाइकं अजून मला धरून आहेत. त्यांना मी तेव्हा भराभर सल्ले दिले होते. शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. जुन्या नावाची नोंदणी कधीची आहे ते आधी शोधा, कारण एका ठरावीक तारखेच्या आधीची नोंदणी असेल तर तुमचा हक्क वरचा. नोंदणीतलं नाव आणि धंद्याच्या कागदावरचं नाव जुळतंय का ते तपासा, नाहीतर हक्क असून अर्ज बाद. आणि आणखी कुणी अर्ज केलाय का ते यादीत बघा, ती यादी सगळ्यांना दिसते.

माझं एक गिऱ्हाईक प्लंबर होतं. त्याच्याच नावाचा डॉट नेट डॉट एयू पर्थमधल्या दुसऱ्या एका प्लंबरकडे निघाला. दोघांचीही नोंदणी जुनी, म्हणजे हक्क सारखाच. अशा वेळी नियम असा की दोघांनी आपसात मिटवायचं. मिटलं नाही तर नाव कुणालाच नाही, ते कुलपात. दोघांनी दरवर्षी अर्ज नव्याने करत राहायचा, आणि जो थकून सोडेल त्याच्या समोरच्याला नाव. माझा प्लंबर घाबरला. मी म्हटलं, वकिलाचा नाद सोड, फोन लाव त्याला. त्यानं लावला. पर्थवाला म्हातारा धंदा बंदच करत होता, गप्पांच्या ओघात त्यानं नाव देऊन टाकलं. फोन लाव, हा माझा सगळ्यात शहाणपणाचा सल्ला. तो मी स्वतःला मात्र दिला नाही.

कारण माझ्या नावाच्या यादीतही दोन अर्ज होते. एक माझा आणि एक तिचा.

ती मूळची लातूरची. मेलबर्नला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. पहिल्याच आठवड्यात माझं दार वाजवून म्हणाली, "भाजणी हाय का तुमच्याकडं? नसंल तर मी आणलीय." सहा महिन्यांत आम्ही दोघी तिच्या फ्लॅटखालच्या गॅरेजमध्ये दिवाळीच्या फराळाचे डबे भरत होतो. धंद्याला नाव हवं, म्हणून दोघींच्या आयांच्या नावांतली अक्षरं घेऊन एक नाव जुळवलं. जगात दुसऱ्या कुणाला त्या नावाशी काही देणंघेणं असण्याचं कारणच नव्हतं. तरी खबरदारी म्हणून डॉट कॉम डॉट एयू मी माझ्या नावावर घेतलं आणि डॉट नेट डॉट एयू तिनं. कुणी पळवायला नको, असं आम्ही तेव्हा म्हणत होतो.

पहिल्या घाण्यातली पहिली चकली ती मोडायची, अर्धी माझ्या तोंडात कोंबायची आणि म्हणायची, "बोलू नको, खा." मी बोलायचेच. मीठ कमी आहे, मोहन जास्त झालंय, तू ऐकत नाहीस. ती हसून पुढचा घाणा टाकायची. माझ्या तिरसट बोलण्यावर हसणारं माणूस मला तिच्याआधी भेटलं नव्हतं, नंतरही नाही.

मग नवऱ्याला कुवेतची नोकरी लागली. निघायला तीन आठवडे आणि दिवाळीला पाच. ऐंशी डब्यांची मागणी आलेली. ती विमानतळावर सोडायला आली, कुरकुर केली नाही, आणि ते ऐंशी डबे तिनं एकटीनं भरले. मी म्हटलं होतं दोन वर्षांत परत येते. म्हणून माझ्या पत्त्यावर मी एकच ओळ ठेवली, लवकरच परत येत आहोत.

दोन वर्षं झाली, तिसरं लागलं. तिचा मेसेज आला की गिऱ्हाइकं चुकून तुझ्या पत्त्यावर जातात, तेवढं नाव माझ्याकडे करतेस का. अगदी साधी, रास्त मागणी. त्या दिवशी बाहेर धुळीनं समोरची इमारत दिसत नव्हती, मुलीला ताप होता, आणि नवऱ्यानं करार आणखी तीन वर्षं वाढवल्याचं मला सकाळीच सांगितलं होतं. मी लिहिलं, "मी अजून मेले नाहीये. मेले की घे." तिनं उत्तर दिलं नाही. मीही पुन्हा लिहिलं नाही. चूक माझी होती हे मला पाठवायचं बटण दाबतानाच कळलं होतं. पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही आणि याचा मला अभिमान वगैरे मुळीच नाही.

चार वर्षांनी ही आखूड नावांची भानगड आली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात अर्ज केला. काही दिवसांनी यादीत दुसरा अर्ज दिसला. मला राग यायला हवा होता. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होते, एसी पुरता गार व्हायचा होता, आणि मला इतका आनंद झाला की मी मागच्या गाडीवाल्याचा हॉर्न ऐकलाच नाही. ती होती. ती माझ्याशी भांडत होती.

त्यानंतर दरवर्षी त्या महिन्यात माझं एक व्रतच झालं. यादी उघडायची, तिचा अर्ज नव्याने झालाय का बघायचं, मग आपला करायचा. तिचा नेहमी ठरल्या तारखेला असायचा, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. मी मनात म्हणायचे, बाईनं तारीख लिहून ठेवलीय, मला जिंकू द्यायची नाही म्हणून. नवरा म्हणायचा, त्या पत्त्यावर तू काही विकत नाहीस, मग देऊन टाक. त्याचं म्हणणं नेहमी बरोबर असतं, म्हणून तर त्याच्याशी भांडायला मजा येत नाही.

इथं मला माणसं नाहीत असं नाही. मंडळ आहे, गणपती आहे, दिवाळीला आम्ही पंधरा जणी मिळून फराळ करतो. वफ्राच्या शेतावरून कुणीतरी ताजी कोथिंबीर आणतं, बकाल्यातला, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातला, मल्याळी माणूस भाजणीचं सगळं सामान न सांगता काढून ठेवतो. पण इथं माझ्या बोलण्यावर बायका गप्प होतात. मग मी शहाण्यासारखी जेवढ्यास तेवढं बोलते. दहा वर्षं मी जेवढ्यास तेवढं बोलतेय. तिच्या गॅरेजमध्ये मी जशी होते तशी मला पुन्हा व्हायचंय, आणि तिच्याशिवाय ते होत नाही.

म्हणून तो मेल वाचून आनंद झाला नाही. मला नाव मिळालं याचा एकच अर्थ होता, तिनं सोडलं. मुलीनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "सो यू वन, मम्मा. नाइस." मी उठून शॅलेच्या मागे गेले. सकाळचे दहा, म्हणजे तिकडे संध्याकाळ. ती आजारी असेल. रागावून कंटाळली असेल. की मोठ्या मनानं मला देऊन टाकलं असेल. तिन्हीसाठी काय बोलायचं ते ठरवलं आणि फोन लावला.

"अगं बाई!" ती म्हणाली. "कुठं हैस? कुवेतलाच?"

मी म्हटलं, "तू नाव सोडलंस."

"कुठलं नाव?"

मी सांगितलं. तिला आठवायला वेळ लागला. "ते अजून चालू होतं होय? ते आमचा वेबसाइटवाला बघायचा गं. दरवर्षी आपोआप व्हायचं त्याच्या पॅकेजमधे. यंदा माझं कार्ड बदललं, त्यात राहिलं आसंल. मला तर माहीत पण नव्हतं." मग म्हणाली, "आन् गॅरेज सोडून दुकान घातलं तवाच आम्ही नाव बदललं की. हितल्या लोकांना ते म्हणताच येत नव्हतं. तुला हवं होतं का? बरं झालं की मग, ऱ्हाऊ दे तुलाच."

दर वर्षी ठरल्या तारखेला, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. वेबसाइटवर पोट भरणाऱ्या बाईला हे कळू नये. मी म्हटलं, मी तुला फार वाईट लिहिलं होतं तेव्हा. ती म्हणाली, "कवा?" आणि तिला खरंच आठवत नव्हतं. मन राखायला बोलते तेव्हा तिचा आवाज कसा होतो ते मला माहीत आहे. मला वाटत होतं तिनं एकदा चांगलं झापावं, म्हणजे मला रडता येईल. ती मात्र माझ्या मुलीची चौकशी करत होती, अगदी मनापासून. मग दुकानात कुणी आलं आणि ती म्हणाली, "करते हं तुला."

तिचा फोन आला नाही. पुढच्या शुक्रवारी मीच केला. आता मी दर शुक्रवारी सकाळी करते. चारातल्या एखाद्या वेळी ती उचलते, छान बोलते, हसते, आणि मागे तिच्या दुकानातल्या बायकांचा गलका चालू असतो. त्या कोण कोण आहेत ते ती मला सांगते. तिला आता मैत्रिणी पुष्कळ आहेत, त्यात मी एक. मला ती एकच आहे, आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.