सगळ्यांचा सत्कार करणारा

जगात कुणीच नाराज राहू नये, ही जबाबदारी देवाने एकाच माणसावर टाकली असेल, तर तो व्हेटर्नरी कॉलेजातला माझा रूममेट. केज तालुक्यातला गडी. मेसचा भात कच्चा राहिला तरी आचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून हा पुन्हा वाढून घ्यायचा आणि मग पोट धरून बसायचा. बैलाला इंजेक्शन देण्याआधी त्याची रीतसर परवानगी मागायचा. एकदा बैलाने लाथ घातली, तर गुडघा चोळत मलाच म्हणाला, "त्याचं काय चुकलं बे? आपणच मागून गेलतो."

असल्या माणसाकडे आम्ही विद्यार्थ्यांनी आमच्या प्राणी-वर्तन परिषदेचं संयोजन दिलं, हा शुद्ध गाढवपणा. परिषद बीडला होती, आणि तीत त्याचंही भाषण होतं: रेडकू मेलेली म्हैस दूध का देत नाही? विषय घरचाच. त्यांच्या म्हशीचं रेडकू गेलं, तिने पान्हा सोडणं बंद केलं, आणि भावकीने दोष दिला त्याच्या आईच्या हाताला. त्या दिवसापासून ती माउली धारेला बसली नाही. "चार माणसांत सांगायचंय बे, तिच्यासमोर," तो म्हणायचा. त्यासाठीच तिला बोलावलं होतं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत बसली होती.

आणि या पठ्ठ्याने काय करावं? सत्कार! पाहुण्यांचा झाला, ठीक. मग पाहुण्यांच्या ड्रायव्हरचा, माइकवाल्याचा, चहावाल्याचा. कुत्र्यांच्या भीतीवर बोलणारी मुलगी कागद धरून ताटकळली होती. तेवढ्यात एक माजी सरपंच सहज डोकावले, तर त्यांनाही फेटा! मी दात-ओठ खात म्हणालो, "अरे, तुझं भाषण कधी?" तर म्हणे, "ते नाराज होतील ना बे." बाकीच्यांची भाषणं कशीबशी उरकली, आणि याची पाळी आली तेव्हा हॉलवाला कुलूप घेऊन दारात उभा. याने त्याचाही सत्कार केला!

मी त्याच्याच घरी निघालो होतो. बीडहून मांजरसुंब्याच्या फाट्यापर्यंत आलो आणि तिथून केजच्या जीपमध्ये आम्ही तिघं कोंबून बसलो. आईने हळूच विचारलं, "तुझं ऱ्हायलंच की रं?" त्याचा चेहरा एवढासा झाला. मला राहवेना. "बोल की आता!" मी ओरडलोच. मग लोकांच्या पिशव्या मांडीवर सांभाळत तो बोलू लागला. रेडकू दिसलं नाही की म्हशीचा पान्हा उतरतच नाही, ती दुःखात असते, त्यात धार काढणाऱ्याच्या हाताचा काही दोष नसतो. ड्रायव्हरने गाणं बंद केलं. मागून कुणी म्हणालं, "आमच्याकडं बी असंच झालतं." आईने लुगड्याचा पदर सावरला. मग शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली, "ऐकलं का बाई? माझा पोरगा हाय. म्हणतोय, माझा दोष न्हवता."

आता तो लांब कुठे नोकरीला आहे, भेटी होत नाहीत. फार आठवण आली की मला तो तसाच दिसतो. दोन्ही हात लोकांच्या पिशव्यांत अडकलेले, आणि डोळे पुसायची सोय नाही.