प्रेमाताईच्या पत्रावळी

मुरबाडच्या कॉलेजात कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला असलेली प्रेमा मुळातच भित्री. वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज फुटत नसे. पण २००४ साली एका संस्थेत इंटर्नशिप करताना ती वैशाखरे गावापलीकडच्या ठाकरवाडीत गेली आणि तिथं गुंतली ती गुंतलीच. वाडीतल्या बाया पळसाची पानं खुडून व्यापाऱ्याच्या टेम्पोत भरत. तो देईल ते घेत. प्रेमाने संस्थेच्या मागे लागून पत्रावळीचं मशीन आणलं, गवताने शाकारलेल्या शेडमध्ये बसवलं आणि म्हसा गावच्या जत्रेत हॉटेलवाल्यांना थेट पत्रावळी पुरवल्या. व्यापाऱ्याचा टेम्पो रिकामा परत जाऊ लागला.

जत्रेनंतर एका दुपारी ती एसटीतून उतरून एकटीच वाडीकडे निघाली होती. मागून मोटारसायकल आली आणि तिच्या चालीने चालू लागली. वर व्यापाऱ्याचा माणूस, जगन.

"ताई, शेड गवताची हाय ना तुमची? उन्हाळा आलाय. जपा हां."

एवढंच बोलून तो गेला. प्रेमा तिथंच धुळीत बसली. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. घरी सांगावं तर वडील कॉलेजच बंद करणार. पोलिसांना काय सांगायचं, माणूस जपा म्हणाला?

अंगात ताप आहे असं सांगून ती आठवडाभर घरीच राहिली. पण डोळे मिटले की वाडीतल्या रुपाचं तान्हं दिसे. रुपा मशीनवर बसली की ते शेडमध्येच झोळीत निजायचं. शेवटी तिला राहवेना. ती वाडीवर गेली आणि सगळं सांगून टाकलं.

म्हातारी चिमीबाय मग म्हणाली, "भ्या आमाला बी वाटतं गो. पन पोर तिथं निजतंय. आठ दिस गप का रायलीस?"

प्रेमाला मान वर करवेना. त्याच दिवशी बायांनी मशीन चिमीबायच्या पडवीत हलवलं, पानं घराघरांत वाटून ठेवली.

होळीच्या संध्याकाळी सगळी वाडी होळीभोवती असताना शेड पेटली. बघता बघता छप्पर खाली बसलं. रुपाचं बाळ प्रेमाच्या कडेवर होतं. तिने ते इतकं घट्ट आवळलं की ते किंचाळून रडू लागलं. कुणी म्हणालं, होळीची ठिणगी उडाली. पण वारा उलट्या दिशेचा होता. कुणावर काही शाबीत झालं नाही.

परीक्षेनंतर संस्थेने तिला विचारलं, इथंच काम करशील का? जगनचं 'जपा हां' तिला आठवलं. तरी ती हो म्हणाली. तेव्हापासून ती त्या वाटेने एकटी गेली नाही. वाडीतल्या दोघी जणी तिला न्यायला स्टॉपवर येत.

पुढे कॉलेजची नवी मुलं इंटर्नशिपला आली. एकीने विचारलं, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की," प्रेमा म्हणाली. "पण आता त्याच दिवशी सांगते."