बिबवेवाडी ते शनिवार पेठ: एका वेलांटीसाठी

लोक सुटीत मनालीला जातात. मी बिबवेवाडीहून शनिवार पेठेत गेले. अंतर कमी, पण मनालीत निदान गाडी लावायला जागा मिळते.

निमित्त शेजारच्या तायडेसाहेबांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं. साहेब सरकारी कचेरीत अव्वल कारकून. कागदावर दुसऱ्या कुणाची नजर फिरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "ताई, तुम्हाला चुका लगेच दिसतात," असं म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. सोसायटीत माझ्या या गुणाला वेगळं नाव आहे.

पत्रिकेवर निमंत्रक एकच: गिरजाबाई तायडे, साहेबांची आई. अकोल्याकडून पुण्यात आल्या, मार्केट यार्डात धान्य निवडून मुलाला शिकवलं आणि साठी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात बसून अक्षरं शिकल्या. अजूनही एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचतात. "आईला पत्रिकेवरचं आपलं नाव स्वतः वाचता आलं पाहिजे," एवढीच साहेबांची अट.

तुम्हाला जायचं असेल तर रिक्षानं जा, सकाळी दहाच्या आत. आम्ही साहेबांच्या स्कूटरवरून अकराला पोचलो आणि ती लावायला जागा शोधत पत्रिका छापणाऱ्या दुकानावरून तीनदा गेलो. चौथ्यांदा मालकच बाहेर आले. "आत यायचंय, की नुसतं दर्शन?"

दुकान दोन खुर्च्यांचं. भिंतीवर पाटी: "अक्षर निवडायला वेळ लागणार असल्यास घरून निवडून यावे." मालकांनी नाव टाइप केलं आणि एक फॉन्ट लावला. बोरूनं काढल्यासारखी जाड-बारीक अक्षरं. 'गि'ची वेलांटी डावीकडून उठली आणि पाचही अक्षरांवर छत्री धरून पार पलीकडे उतरली. शेवटच्या 'ई'नं फणा काढला.

"लग्न, मानपत्र, श्रद्धांजली, तिन्हीला चालतो," मालक म्हणाले. "शाई तेवढी बदलायची."

"सुंदर आहे, पण वाचता येत नाही," मी म्हणाले.

"ताई, पत्रिका वाचतं कोण? कार्यालयाचा पत्ता खाली साध्या अक्षरात आहे."

साहेब त्या वेलांटीकडे बघत राहिले. मग नाइलाजानं म्हणाले, "आईला नाही जमायचं हे." शेवटी दोन नमुने छापून घेतले, एक साधा, एक नक्षीदार. "एकच्या आत फोन करा. नंतर आम्ही जेवतो," मालकांनी बजावलं. कोपऱ्यावर मिसळ खाल्ली; रस्सा मागितल्यावर 'पुन्हा?' असं न विचारता वाढतात, म्हणून शिफारस करतेय.

परतताना मार्केट यार्डात थांबलो. गिरजाबाई, आम्हा सगळ्यांच्या आजी, अजूनही रोज दोन तास ओळखीच्या दुकानात तूर निवडायला जातात. घरी बसलं की गुडघे बोलतात म्हणे. हमालांच्या 'चला, बाजूला!'मधून वाट काढत आम्ही पोचलो. साहेबांनी साधा नमुना पुढे केला. आजींनी हात पदराला पुसले, बोट टेकवलं.

"गि... र... जा... बा... ई."

साहेबांचा चेहरा असा फुलला, की मला पोत्यांकडे बघावं लागलं. मग दुसरा नमुना. आजींचं बोट वेलांटीवर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं.

"हा कायचा वेल हाय?"

"तुमचंच नाव आहे, आजी," मी म्हणाले.

"एवढं मोठं?" त्यांनी कागद हातभर लांब धरून पाहिला. "हेच छाप."

"अगं आई, तुला वाचता येत नाही ते!"

"मले नाही येत, पावन्यायले येते ना? साध्या अक्षरात माह्यं नाव रेशनकार्डावर हाय, मतदानाच्या यादीत हाय, दवाखान्याच्या कागदावर हाय. जिथं जिथं हाय, तिथं रांग हाय. नातीच्या लग्नातही रांगेतच उभी राहू काय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चूक काढायला आणलेल्या बाईला चूक सापडेना. एकला दहा कमी असताना त्यांनी फोन लावला.

घरी येऊन मी हिशेब मांडला: स्कूटरचं पेट्रोल साहेबांचं, मिसळ माझी, आणि वाचता येणारं तेच चांगलं, हे माझं इतक्या वर्षांचं ठाम मत तुरीच्या ढिगापाशी राहिलं. आणायला गेले नाही.

आठवड्यानं आजी स्वतः पत्रिका द्यायला आल्या. सोसायटीतल्या प्रत्येक दारात पुढचं सगळं असंच होत होतं, हे मला नंतर कळलं. पाणीही न घेता त्यांनी पत्रिका माझ्या हातात ठेवली आणि वेलांटीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वाचा बरं, कोनाचं नाव हाय?"

"गिरजाबाई तायडे," मी वाचलं.

त्यांनी मान हलवली. समोरच्या फ्लॅटचं दार उघडं होतं, तिकडे एकदा बघून घेतलं.

"आता मोठ्यानं."